सुषमाचं मत

काल सुषमाचा पहिला पेपर झाला, उद्या दुसरा आहे. मधला आजचा दिवस मोकळा म्हणायचा, पण मोकळं काही वाटत नाही. सकाळपासून तीन पेनं कागदावर गिरवून पाहिली. तिन्ही नीट चालतात. तरी चौथं आणायला उन्हात धायरी फाट्यापर्यंत जाऊन आले. परतताना दिसलं की आमच्या सोसायटीच्या भिंतीबाहेरचा बहावा फुलला आहे. गेल्या वर्षीही याच दिवसांत तो असाच पिवळाजर्द लोंबत होता, आणि तेव्हाही त्याच्याकडे बघून मला बरं वाटलं नव्हतं. एवढ्या देखण्या झाडाशी माझं काय वाकडं, असं कोणी विचारलं तर गेल्या वर्षीचा सगळा उन्हाळा सांगावा लागेल.

परीक्षा माझी नाही. मी एकसष्ट वर्षांची, टपाल खात्यातून निवृत्त झालेली बाई. परीक्षा सुषमाची आहे. सुषमा जन्मापासून अंध आहे. वाशीमकडच्या एका खेड्यातून शिकायला म्हणून पुण्यात आली ती इथलीच झाली. आता तेहेतीस वर्षांची आहे, एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर आहे आणि नोकरी सांभाळून बाहेरून तत्त्वज्ञानात एम.ए. करते आहे. पेपरात तिनं सांगायचं आणि मी लिहायचं. हे काम करणाऱ्याला लेखनिक म्हणतात. नियम अगदी साधा आहे. कानावर पडेल ते कागदावर उतरवायचं, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. टपालाच्या खिडकीमागे बसून मी कितीतरी वर्षं लिहिता न येणाऱ्यांची पत्रं लिहून दिली होती. मला वाटलं, हे तर आपलंच काम.

आमची ओळख झाली दीड वर्षापूर्वी, थंडीत. वाचनालयाच्या फळ्यावर एक चिठ्ठी लागली होती. अंध विद्यार्थिनीसाठी वाचक व लेखनिक हवेत, अक्षर सुवाच्य असावे, वेळ पाळणारे असावेत. मी फोन केला आणि पुढच्या रविवारी ती एकटी, वाटेत बस बदलून, काठी टेकत धायरीला आली. मला वाटलं होतं मी तिला दोन-चार गोष्टी विचारीन. परीक्षा तिनंच माझी घेतली. "काकू, एक पान वाचून दाखवा," म्हणाली. मी वाचलं. मान एका बाजूला कलती करून ती ऐकत होती. पान संपल्यावर म्हणाली, "तुम्ही स्वल्पविरामाला थांबता. चालेल."

त्या थंडीत मी तिच्यासाठी अख्खी पुस्तकं मोबाइलवर वाचून काढली. दुपारी दोन ते चार, दार लावून, पंखा बंद करून, कारण पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. बाकीचे आवाज तरी यायचेच. खालून भंगारवाल्याची आरोळी, शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं, वरच्या मजल्यावर कोणी पाटा सरकवल्याचा आवाज. एकदा ती हसून म्हणाली, "काकू, सुखवादाच्या दुसऱ्या प्रकरणात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि तुम्ही उठून गेलात. आता मला सुखवाद म्हटलं की वरणाचा वास येतो."

चांगलं जगावं कसं, हा त्या सगळ्या पुस्तकांचा विषय. मी असलं काही आधी वाचलं नव्हतं. चांगलं जगणं म्हणजे माझ्या लेखी घरातून निघताना गॅस बंद आहे ना ते तीनदा बघणं आणि तरी जिन्यात पुन्हा शंका येणं. मी काळजी करणाऱ्या घराण्यातली. माझी आई पाऊस नसला तरी काळजी करायची आणि पडायला लागला तरी करायची. आणि इथे मी माझ्याच आवाजात वाचत होते, की जे आपल्या हातात नाही त्याची चिंता शहाणा माणूस करत नाही. कोणी ग्रीक लोक फार पूर्वी हे सांगून गेले होते. त्यांच्यातलेच दुसरे म्हणत होते, सुख शोधा पण बेताचं, म्हणजे ते उलटत नाही. आपल्याकडचे म्हणत होते, काम करा आणि फळाकडे बघू नका. एक जर्मन गृहस्थ तर इतके कडक, की कोणाचा जीव वाचत असला तरी खोटं बोलायला त्यांची परवानगी नाही. वाचताना मला सगळ्यांचंच पटायचं. मोबाइल बंद केला की मी उठून गॅसचं बटण बघून यायची.

माझे यजमान बाहेरच्या खोलीत पेपर वाचत हे ऐकत असायचे. एकदा म्हणाले, "एवढं तत्त्वज्ञान वाचलंस, त्यातून कुलूप ओढून बघणं एका वेळेनं तरी कमी झालं का?" त्यांचं बोलणं असंच. सदुसष्ट वर्षांचे आहेत, कोणाकडून काही मागून घ्यायचं नाही हा त्यांचा बाणा. चहा हवा असला तरी "चहा कर" म्हणत नाहीत. "चहाची वेळ झाली वाटतं," असं हवेत म्हणतात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये जिना चढताना त्यांना छातीत भरून यायला लागलं. दुसऱ्या मजल्यावर थांबून ते कठड्याला टेकायचे आणि कोणी दिसलं तर मोबाइल बघितल्यासारखं करायचे. डॉक्टरांनी हृदयाची एक तपासणी सांगितली. तारीख मिळाली ती नेमकी सुषमाच्या शेवटच्या पेपरच्या दिवसाची. मी म्हटलं, "मी फोन करून तारीख बदलून घेते."

"कशाला? मला काय हात धरून न्यायचंय? रिक्षानं जाईन, रिक्षानं येईन."

"मी असते तर बरं झालं असतं."

"तू काय तपासणार आहेस? त्या मुलीची परीक्षा आहे, तिकडे बघ."

त्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दवाखान्यात जायला इस्त्रीचा शर्ट कशाला, हे मला विचारवलं नाही. मी फाइल पिशवीत घातली, पाण्याची बाटली घातली, कागदावर डॉक्टरांचं नाव आणि मजला लिहून तो त्यांच्या वरच्या खिशात ठेवला. बस मिळेपर्यंत, बसमध्ये बसल्यावर आणि उतरल्यावर मी त्यांना फोन केला. तिसऱ्या वेळी म्हणाले, "अगं, निघू देशील का मला?" मग परीक्षेच्या इमारतीच्या दारात मोबाइल जमा करावा लागला. आता चार तास काहीच कळणार नव्हतं. सुषमासारख्या विद्यार्थ्यांना तीन तासांच्या पेपरला एक तास वाढवून मिळतो.

ती खोली मला अजून जशीच्या तशी आठवते. तळमजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला, कारण तिथे आमच्या बोलण्याचा इतरांना त्रास होत नाही. बाकांवर खडूची धूळ, खिडकीच्या एका तावदानाच्या जागी पुठ्ठा, बाहेर कुठेतरी रसवंतीचे घुंगरू. एकच पंखा, तोही मान टाकलेला. नाकाच्या टोकावर चष्मा असलेले एक सर पर्यवेक्षक म्हणून बसले होते. मी पदरानं कपाळ पुसत होते ते बघून म्हणाले, "बाई, परीक्षा त्यांची आहे ना? मग घाम तुम्हाला का?"

नीतिशास्त्राचा पेपर. मी प्रश्न वाचून दाखवले. शेवटचा प्रश्न होता, चांगले जीवन म्हणजे काय, दोन विचारप्रणालींच्या आधारे चर्चा करा आणि स्वतःचे मत मांडा. सुषमानं हळूच टाळी वाजवल्यासारखे हात जुळवले. "हाच पाहिजे होता, काकू," म्हणाली. "हा शेवटी घेऊ. सावकाश."

सगळं नीट चाललं होतं. ती वाक्य सांगायची, मी लिहायची, परिच्छेद झाला की वाचून दाखवायची. शेवटच्या प्रश्नाला हात घातला तेव्हा पाऊण तास उरला होता. दोन्ही विचारप्रणाली झाल्या. वीस मिनिटं उरली. "आता माझं मत," ती म्हणाली आणि थोडी पुढे सरकून बसली. आवाज बदलला होता तिचा. पाठ केलेलं सांगताना तो सपाट असतो, आता त्यात चढउतार आले होते.

तेवढ्यात दारात शिपाई आला. सरांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला आणि दोघांनी एकदमच आमच्या बाकाकडे पाहिलं. मला वाटलं, निरोप आला. दवाखान्यातून फोन आला असणार, मोबाइल तर दारात जमा आहे, म्हणून माणूस पाठवला. आता सर उठतील, माझ्यापर्यंत येतील, बाई जरा बाहेर या म्हणतील. मला इस्त्रीचा शर्ट दिसत होता. सुषमाचा आवाज कानावर पडत होता, पण पाण्याखालून यावा तसा. सर उठले, कपाटापर्यंत गेले, पुरवण्यांचा एक गठ्ठा काढून शिपायाच्या हातात दिला आणि परत जागेवर येऊन बसले. बास. एवढंच होतं.

मी भानावर आले तेव्हा सुषमा म्हणत होती, "झालं, काकू. पूर्णविराम." कागदावर "माझ्या मते" एवढे दोन शब्द होते.

"पुन्हा सांग, माझं लक्ष नव्हतं," हे सांगायला किती वेळ लागतो? सुषमाच्या स्वल्पविरामाला थांबणारी काकू मी. सरांसमोर, तिच्यासमोर, वीसातली किती मिनिटं गेली हे माहीत नसताना, मला ते म्हणवलं नाही. मी म्हटलं, "थांब, लिहिते आहे." आणि मी लिहिलं. नीतिशास्त्राच्या एका पुस्तकाचा समारोप मी थंडीत दोनदा वाचून रेकॉर्ड केला होता, तो माझ्या तोंडात बसला होता. तोच उतरवला. सात-आठ ओळी. त्यांचा अर्थ असा, की जो कोणावर अवलंबून नाही तोच खरा सुखी आणि त्याचंच जगणं चांगलं. ती आता वाचून दाखवायला सांगेल, याची मी वाट बघत होते. तिनं सांगितलं नाही. घंटा झाली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा गेला?"

"चांगला गेला," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "शेवटचं मनासारखं सांगता आलं."

मोबाइल हातात येताच मी यजमानांना फोन लावला. उचलला नाही. सगळा रस्ता मी लावत राहिले. घरी पोचले तर हे गॅलरीत बसलेले, इस्त्रीचा शर्ट अंगात तसाच.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"गेलोच नाही."

"म्हणजे?"

"रिक्षा केली. स्वारगेटपर्यंत गेलो. तिथून परत आलो." कुंडीकडे बघत ते म्हणाले, "एकट्यानं आत जाववलं नाही."

मला रागही आला नाही. आम्ही दोघंही थोडा वेळ बहाव्याकडे बघत बसलो. ज्या निरोपाच्या भीतीनं माझा कान बंद झाला होता, तो निरोप येणं शक्यच नव्हतं. माणूस घरीच बसला होता. पुढच्या आठवड्यात आम्ही बरोबर गेलो. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात हात मी धरला की त्यांनी, हे मला सांगता येणार नाही. एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला, औषधांवर भागलं. आता ते दुसऱ्या मजल्यावर थांबत नाहीत.

पण माझी सुटका झाली नाही. एप्रिल गेला, मे आला. कैऱ्या किसताना, चादरी वाळत घालताना मनात तेच. सांगावं की सांगू नये? सगळ्यांत वाईट म्हणजे थंडीत वाचलेली पुस्तकं माझ्याच आवाजात परत बोलायला लागली. सगळ्यांचं सुख कशात आहे ते बघ, असं एक म्हणे. मग गप्प राहण्यातच आहे. तिला ठाऊक नाही, तपासणाऱ्याला ठाऊक नाही, कोणाचं काय बिघडलं? जर्मन गृहस्थ डोळे वटारत. ग्रीक म्हणत, झालेलं आता तुझ्या हातात नाही. अहो, पण तोंड उघडणं तर हातात आहे ना? मी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "चूक झाली. सांगितलीस तर तिचं दुःख वाढेल आणि तुझं कमी होईल. म्हणजे सांगायचं ते कोणासाठी?" मी उठून उरलेल्या कैऱ्या किसायला घेतल्या.

आणि एक गोष्ट होती, ती मी त्यांनाही बोलले नव्हते. परीक्षेतल्या चुकीपेक्षा ती मला जास्त टोचत होती. एका मुलीनं, आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच, चांगलं जगणं म्हणजे काय याबद्दल तिला काय वाटतं ते मोठ्यानं सांगितलं होतं. खोलीत ते ऐकायला म्हणून बसलेली मी एकटी होते. आणि मी ऐकलं नव्हतं. ते शब्द कुठे गेले असतील, असं मला वेड्यासारखं वाटत राहायचं.

जूनच्या शेवटी निकाल लागला. सुषमा पेढे घेऊन आली. पायातली चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "काकू, सगळ्यात जास्त मार्क कशात आले, सांगा."

मला कळलंच होतं.

"नीतिशास्त्रात. गावी फोन केला तेव्हा अण्णांना म्हटलं, सगळं पुस्तकाचं लिहिलं, पण शेवटी माझ्या मनाचं लिहिलं आणि तेच तपासणाऱ्याला पटलं. अण्णा म्हणाले, काय लिहिलंस ते मलाही सांग."

माझ्या हातात अर्धा पेढा होता. तो मी बशीत ठेवला. अण्णा तिचे वडील, गावी शेती करतात, चौथीपर्यंत शिकलेले. त्या म्हाताऱ्यानं मुलीला विचारलं होतं, तुझं मत काय. मला पुढे गप्प बसणं जमलं नाही.

"सुषमा, ते तुझं नव्हतं," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. शिपाई, सर, गठ्ठा, "माझ्या मते" हे दोन शब्द, आणि नंतरच्या माझ्या ओळी.

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत. मग म्हणाली, "पेन थांबलं होतं, काकू."

"काय?"

"मी बोलून राहिले होते आणि पेनाचा आवाज नव्हता. मग एकदम आला, आणि मी तर तेव्हा बोलतच नव्हते. इतक्या वर्षांत इतक्या जणांकडून लिहून घेतलं. मला समजते."

"मग तू तेव्हा विचारलं का नाहीस?"

"तेच मी तेव्हापासून स्वतःला विचारून राहिले." बोट थांबलं. "सगळा जन्म लोकांना म्हणत आले, परत वाचा, परत सांगा, जरा थांबा, जरा हात द्या. शेवटची मिनिटं होती. अजून एकदा म्हणायची लाज वाटली. म्हटलं, काकूंच्या लक्षात असेल सगळं, मागून लिहीत असतील. मार्क आले तेव्हा तर वाटलं, मीच उगाच शंका घेतली." मग ती म्हणाली, "आणि मी तेव्हा काय सांगून राहिले होते, माहीत आहे?"

"नाही गं. तेच तर."

"मी म्हणत होते, ही सगळी मतं एकट्या माणसाची आहेत. आपलं सुख, आपलं कर्तव्य, आपल्या मनावर आपला ताबा. यांच्यातल्या कोणाला पुस्तक वाचून दाखवायला कोणी लागत नव्हतं. मला प्रत्येक पानाला कोणीतरी लागते. मग माझं जगणं कमी चांगलं का? मी म्हणत होते, मागणाऱ्याला लाज वाटत नाही आणि देणाऱ्याला तोरा चढत नाही, असं जिथं होते, तिथं दोघंही चांगलं जगतात. तेव्हा याच्याहून बरं जमलं होतं. आणि ते म्हणता म्हणताच मला लाज वाटली."

मग तिनं विचारलं, "तुम्ही काय लिहिलं?"

ते सांगणं सगळ्यांत कठीण होतं. मी सांगितलं. कोणावर अवलंबून नाही तोच सुखी.

"माझ्या नावावर?"

"तुझ्या नावावर."

"आणि त्याला मार्क," ती म्हणाली.

मी म्हटलं, विद्यापीठाला कळवू का? ती म्हणाली, "काय कळवणार? की मी काय बोलले ते कोणाकडेच नाही?" मग उठली. मी बसपर्यंत येते म्हटलं, तर "नको" म्हणाली. तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत काठीचा आवाज एकेक पायरी खाली जात राहिला आणि मी दारात उभी राहून तो संपेपर्यंत ऐकला.

पावसाळा गेला, गणपती आले आणि गेले, तिचा फोन नाही. मी दोनदा नंबर काढून परत ठेवला. यजमान "सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत, आणि त्यांच्यासारख्या माणसाच्या बाबतीत ही मोठी गोष्ट. मीच मनाला विचारायची, सांगून काय साधलं? खोटं गेलं, पण तीही गेली. पुस्तकांत चांगल्या वागण्याचा शेवट कुठे वाईट होत नाही. निदान मी वाचलेल्या पानांत तरी झाला नव्हता.

दिवाळीनंतर तिच्या आवाजातला निरोप आला. "काकू, दुसऱ्या वर्षाची पुस्तकं आली. वाचणार असाल तर पाठवते. लिहायचं नंतर बघू." आवाज अगदी सपाट, पाठ केल्यासारखा. मी पुन्हा दुपारी पंखा बंद करून वाचायला बसले. पूर्वी मी वाचत होते ते नीट वाचलं जावं म्हणून. आता प्रत्येक वाक्याला वाटायचं, हे खोटं तर नाही ना, हे कोणासाठी लिहिलंय, यात सुषमा कुठे बसते. वाचनाचा वेग कमी झाला. तिनं तक्रार केली नाही.

फेब्रुवारीत तिनं फोन केला. "लिहायला दुसरी मुलगी बघितली होती. कॉलेजातली आहे, अक्षर छान आहे म्हणतात. पण ती कधी थांबतच नाही. सगळं ऐकल्यासारखं लिहिते. मला तिची जास्त भीती वाटते." मग म्हणाली, "तुम्हीच या. पण ऐकू आलं नाही तर विचारायचं. मीही विचारीन."

"आणि मी पुन्हा चुकले तर?"

"चुकाल ना," ती म्हणाली. "म्हणूनच तर विचारायचं."

तर काल तो पहिला पेपर झाला. खोली वेगळी होती, पर्यवेक्षक एक तरुण बाई होत्या. मोबाइल दारात ठेवायच्या आधी एकदा घरी फोन केला, यजमान घरी बरे आहेत हे माहीत असूनही. आणि मी विचारलं. "शेवटचा शब्द काय म्हणालीस?" "परत सांग." "हे वाक्य इथेच संपलं का?" पहिल्या तासातच इतक्या वेळा विचारलं की त्या बाई म्हणाल्या, "आजी, लिहायला आलात की उलटतपासणी घ्यायला?" तरी पुढच्या पानावर पुन्हा विचारलं. सुषमा मधूनच म्हणायची, "आता वाचा." मी वाचायची. एकदा तिला तिचंच वाक्य आवडलं नाही, ते खोडून नवं सांगितलं. घड्याळाचा काटा बघून मला घाम फुटत होता, पण यंदा निदान तो घाम आमच्या दोघींचा होता. शेवटच्या उत्तराच्या मध्यावर घंटा झाली आणि बाईंनी उत्तरपत्रिका ओढून घेतली.

बस थांब्यावर रणरणतं ऊन होतं. तिनं रुमालानं मान पुसली. मग म्हणाली, "आज फार अडवलंत, काकू."

"राग आला?"

"आला. शेवटचं उत्तर अर्धं राहिलं."

"मग परवा काय करू?"

बस आली. काठीनं पायरी चाचपून ती चढली आणि दांडा धरल्यावर मागे वळून म्हणाली, "अडवा."

ते अर्धं उत्तर कालपासून माझ्या मनातून जात नाही. त्याचे किती मार्क गेले असतील, त्यानं तिचा वर्ग हुकेल का, आधीच्या प्रश्नाला मी जरा भरभर लिहिलं असतं तर ते बसलं असतं का. आज दुपारी राहवलं नाही, फोन केला. "सुषमा, तुला काळजी वाटते का गं त्या उत्तराची?"

"वाटते ना," ती म्हणाली. पलीकडे तिच्या खोलीत कोणी बादली भरत होतं. जरा वेळानं तिनं विचारलं, "कुठपर्यंत लिहून झालं होतं, ते आठवते का तुम्हाला?"

मला आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. मी तिला ते तुटलेलं वाक्य सांगितलं, आणि त्याच्या पुढचं तिनं मला सांगितलं, सावकाश, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.